गुडघ्यातला 'पू' नळीने ओढणारे: पैसे मोजण्याआधी हे वाचा

दवाखान्याबाहेर, बागेत नाहीतर देवळाच्या पायऱ्यांवर एक नीटनेटका माणूस जवळ येतो. "आजी, गुडघा फार दुखतोय ना? माझ्या आईचंही अगदी असंच होतं. ऑपरेशन सांगितलं होतं, आता जिने चढते." मग तो एका 'डॉक्टरां'चा नंबर देतो. तो माणूस त्याच टोळीतला असतो. फोनवर पहिला प्रश्न येतो, "नंबर कोणी दिला?" म्हणजे कोणतं सावज आलंय ते त्यांना कळतं.

'डॉक्टर' घरी येतात ते दोघा-तिघांनी. ब्लेडने गुडघ्यावर बारीक चिरा पाडतात, त्यावर धातूची नळी टेकवून तोंडाने ओढतात आणि वाटीत पिवळट गोळे टाकतात. हा म्हणे सांध्यातला पू. दर ठरतो थेंबावर, एका थेंबाला चार-पाच हजार. आधी दहा-पंधरा थेंब निघतील म्हणतात, मग मोजणी इतकी भरभर होते की आकडा शंभरावर जातो. मध्येच थांबवलं तर विष अंगभर पसरेल, ही धमकी ठरलेली. घाबरलेलं घर ठेव मोडून पैसे देतं.

त्या वाटीत सांध्यातलं काहीच नसतं. चिरा कातडीपुरत्याच असतात. सांध्याची पोकळी त्याखाली जाड आवरणात बंद असते आणि तिच्या आतल्या बाजूला सायनोव्हियम नावाचं पातळ अस्तर असतं. बाहेरून नळी लावून तिथलं ओढता येत नाही, येतं ते कातडीतलं रक्त. पिवळेपणा येतो नळीत किंवा तोंडात आधीच ठेवलेल्या हळदीसारख्या पुडीने.

सांध्यातलं अस्सल वंगण, म्हणजे गुडघ्यातलं पाणी, एकदा ओळखून ठेवा. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम ३-४ मिली असतं: फिकट पिवळं, नितळ, पलीकडची छापील अक्षरं वाचता येतील इतकं. बोटांत धरून ताणलं तर मधासारखी तार येते. अस्तर सुजलं की पाणी वाढतं, गढूळ होतं आणि तार तुटते. पू खरोखर झाला असेल तर गुडघा तापतो, बहुधा ताप भरतो, पाय टेकवत नाही. अशा वेळी काही दिवसांतच कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. चालत देवळात आलेल्या आजींना हे झालेलं नसतं.

गुडघ्यातलं पाणी डॉक्टर काढतात ते असं: कातडी जंतुनाशकाने पुसून गुडघ्याच्या वाटीच्या बाजूने एकच सुई, आणि सिरिंजमध्ये वीस, तीस, कधी पन्नास मिली. पैसे एकदाच, थेंबावर कधीच नाहीत. शिवाय ते पाणी तपासायला जातं: पेशी किती, युरिक ॲसिडचे खडे आहेत का, जंतू वाढतात का. कारण नुसतं पाणी काढून अस्तराची सूज जात नाही. आमवात असेल तर मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं, तेही आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला असेल तर क्षयाची शंका घ्यावी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

नोंदणीकृत वैद्यही रक्तमोक्षण (आयुर्वेदातलं रक्त काढणं) करतात, पण रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत नाहीत. नोंदणी क्रमांक मागा.

हे घरात घडून गेलं असेल तर लाज बाळगू नका. त्याच ब्लेडने आधी कोणाला चिरा पाडल्या असतील, कोण जाणे. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं तेवढ्याच मुदतीत सुरू करता येतात. हिपॅटायटिस बी, सी आणि धनुर्वाताचंही विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर ते आधी सांगा. वाटी, बोळे धुऊ नका, फेकू नका. गाडीचा नंबर, कॉलची नोंद, सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण आणि पैसे दिल्याचा पुरावा घेऊन पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकी करणं हा १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे. फसवणुकीचं कलम (भारतीय न्याय संहिता, ३१८) वेगळं लागतं. चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, ते आधी मागून घ्या.