पोर्तुगीज कवींसोबत आठ महिने: एका द्विभाषिक संग्रहाचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून हा संग्रह मागवला. विसाव्या शतकात पोर्तुगीज भाषेत लिहिणारे कवी. बरेचसे पोर्तुगाल आणि ब्राझीलचे, थोडे आफ्रिकेतले. डाव्या पानावर मूळ कविता, उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर, प्रत्येक कवीच्या आधी दोन पानं चरित्र. सहाशे रुपये पडले. आता फेब्रुवारी संपत आलाय. एखाददुसरा आठवडा सोडला तर पुस्तक रोज उघडलं गेलंय. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, म्हणून थांबले होते.

मी वेंगुर्ल्याला एका पतसंस्थेत हिशेब बघते. सकाळी चहा झाला की एक कविता वाचायची, दुसरी नाही. आधी उजवं पान मनात, मग डावं पान मोठ्यानं. पोर्तुगीज मला येत नव्हतं, आजही अडखळतच येतं. पण मडगावला माझे मामा आहेत. ते १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकले. रविवारी त्यांना फोन करून आठवड्यातली एक कविता वाचून दाखवते. पहिल्याच रविवारी त्यांनी मला थांबवलं. "बाय, तें नाकांतल्यान म्हण." त्यांच्या कानाला शब्दाच्या शेवटचा 'स' हा 'श' लागतो, आणि शेवटचा 'ओ' ओठांतल्या ओठांत 'उ' होऊन विरतो. हे कळल्यावर ओळी वेगळ्याच वाजायला लागल्या. ज्यांना कुणी मामा नसतील त्यांनी मूळ कवितांची वाचनं ऐकावीत, पण डावं पान सोडू नये. या पुस्तकाचे निम्मे पैसे त्या पानाचे आहेत.

सुरुवातीला माझी एक चूक झाली. मी आधी चरित्र वाचायचे, मग कविता. फ्लोर्बेला इश्पांकाच्या बाबतीत त्यानं फार नुकसान झालं. ती आलेंतेजू प्रांतातल्या विला व्हिसोझाची, जन्म ८ डिसेंबर १८९४ चा. लिस्बनला कायदा शिकायला गेलेल्या अगदी मोजक्या मुलींपैकी एक. भाऊ आपेलेश १९२७ मध्ये विमान अपघातात गेला. १९३० मध्ये, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, तिनं आयुष्य संपवलं. एवढं वाचून पान उलटलं की तिच्या सुनीतातली प्रत्येक ओळ मी पुरावा शोधल्यासारखी वाचायचे. नोव्हेंबरमध्ये तिची चरित्राची पानं क्लिप लावून बंद केली आणि सुनीतं पुन्हा पहिल्यापासून घेतली. मग दिसलं की ही बाई रडत बसलेली नाही. कवी असणं म्हणजे माणसांहून उंच असणं, कोंडोर पक्ष्याचे पंजे आणि पंख असणं, सगळं जग एका हाकेत सामावणं, असं ती ताठ मानेनं सांगते. शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं आपल्या इच्छेबद्दल इतकं थेट बोलावं, आणि चौदा ओळींची शिस्त जराही मोडू नये! तिच्या मरणाच्या सावलीत तिला वाचणं हा तिच्यावर अन्याय आहे असं माझं ठाम मत झालंय.

फर्नांदो पेसोआचं याच्या अगदी उलट. त्याचं चरित्र चार ओळींत संपतं. १८८८ मध्ये लिस्बनला जन्म, पाच वर्षांचा असताना वडील क्षयानं गेले, आईनं दुसरं लग्न केलं आणि सावत्र वडील डरबनला पोर्तुगालचे कॉन्सल, म्हणून शाळा दक्षिण आफ्रिकेत, इंग्रजीतून. १९०५ मध्ये लिस्बनला परतला तो कायमचा. व्यापारी पेढ्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून द्यायची, त्यावर पोट. १९३५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. पोर्तुगीज कवितांचं जिवंतपणी आलेलं पुस्तक एकच, तेही मरणाच्या आदल्या वर्षी. मागे एक पेटारा राहिला, त्यात पंचवीस हजारांहून जास्त कागद.

आणि त्या कागदांवर वेगवेगळी माणसं, पेसोआनं स्वतःच कल्पिलेले कवी. आल्बेर्तु कायरु हा फारसा न शिकलेला, खेड्यात राहणारा. रिकार्दु रेइश डॉक्टर, लॅटिनचा जाणकार, मोजूनमापून ओडं, म्हणजे गंभीर चालीची संबोधनपर गीतं, लिहिणारा. आल्वारु द कांपुश जहाजांचा इंजिनीअर, ग्लासगोला शिकलेला, आरडाओरडा करणारा. प्रत्येकाची जन्मतारीख वेगळी, शैली वेगळी, एकमेकांशी मतभेद. पेसोआला ज्योतिषाचा नाद होता, त्यानं त्यांच्या पत्रिकासुद्धा मांडल्या. प्रस्तावनेत यासाठी टोपणनाव हा शब्द वापरलाय तो कामाचा नाही. टोपणनावाच्या मागे माणूस तोच असतो.

मला हे समजलं ते दशावतारामुळे. आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. धयकाल्यात जो रात्रभर राजा होता तो सकाळी स्वतःचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जायचा. पण रात्री तो राजाचं बोलणं पाठ करून म्हणत नाही. संवाद तिथंच, उभ्या उभ्या सुचतात, आणि ते राजालाच सुचावेत असे असतात. पेसोआची एक छोटी प्रसिद्ध कविता आहे, तिची सुरुवातच अशी की कवी हा 'फिंजिदोर' असतो. उजव्या पानावर त्याचं जे इंग्रजी केलंय त्यात लबाडीचा वास येतो. आपल्याकडे सोंग हा शब्द आहे. कवी सोंग घेतो, इतकं पुरं सोंग घेतो की खरोखर होत असलेल्या वेदनेचंही सोंगच घेतो. हे मी मामांना मराठीत सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, परत वाच.

८ मार्च १९१४ ला उंच कपाटाशी उभं राहून एका दमात तीसेक कविता लिहिल्या आणि कायरु जन्माला आला, असं पेसोआनं मरणाच्या वर्षी एका पत्रात लिहिलं. हस्तलिखितं तपासल्यावर दिसलं की कविता त्या एकाच दिवसाच्या नाहीत. मला यात फसवणूक वाटत नाही. कायरुच्या जन्माची कथाही त्याच सोंगातली.

तिघांत मला कायरु सर्वांत जवळचा. त्याची एक कविता आहे: तेजू नदी माझ्या गावच्या नदीपेक्षा सुंदर आहे, पण सुंदर नाहीही, कारण ती माझ्या गावची नदी नाही. तेजूवर मोठी जहाजं, तेजूवरून जगात जाता येतं, पलीकडे अमेरिका. गावच्या नदीच्या पलीकडे काय आहे याचा विचार कुणी केलेला नाही. तिच्या काठी उभं राहिलं की माणूस फक्त तिच्या काठी उभा असतो. आमच्या घरामागे व्हाळ आहे, उन्हाळ्यात आटतो, त्याला नावसुद्धा नाही. जुलैत तो भरून वाहत होता तेव्हा ही कविता वाचली. एवढ्या एका कवितेसाठीही मी सहाशे रुपये दिले असते.

रेइश मात्र आठ महिन्यांनंतरही लांबच राहिला.

आता एक अवघड गोष्ट. जिवंतपणी आलेलं पेसोआचं ते पोर्तुगीज पुस्तक, 'मेन्साजें', पोर्तुगालच्या दर्यावर्दी इतिहासावर आहे. त्यात एक कविता समुद्रालाच विचारते, तुझ्या खारटपणात पोर्तुगालच्या अश्रूंचा वाटा किती? किती आया रडल्या, किती मुली लग्नावाचून राहिल्या. मग प्रश्न येतो, या सगळ्याचं सार्थक झालं का? उत्तर येतं, मन छोटं नसेल तर सगळ्याचंच सार्थक होतं. कविता म्हणून ओळी घट्ट आहेत, मामांना त्या तोंडपाठ निघाल्या. पण ती जहाजं जिथं येऊन लागली त्या किनाऱ्यावर बसून मी हे वाचते आहे. इथल्या अश्रूंना त्या कवितेत जागा नाही. हे मी फोनवर बोलले. मामा म्हणाले की शाळेत असताना हा प्रश्न त्यांच्याही मनात यायचा, विचारायची सोय नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा की हे पान झालं की लगेच मागे जाऊन जुझे क्रावेइरिन्या वाचावा. मोझांबिकचा, आजच्या मापुतोचा, बाप पोर्तुगीज, आई तिथल्या रोंगा जमातीची. पत्रकार होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या पोलिसांनी १९६५ ते १९६९ तुरुंगात ठेवलं. १९९१ मध्ये पोर्तुगीज साहित्यातला सर्वांत मोठा मानला जाणारा कामोंइश पुरस्कार मिळाला, आफ्रिकेतल्या लेखकाला पहिल्यांदाच. त्याच्या कवितेतला माणूस मालकाला सांगतो, मी कोळसा आहे, तू मला जमिनीतून उपटतोस, पेटवतोस. मी जळेनच, पण कायम तुझ्यासाठी नाही. भाषा तीच, पेसोआचीच. 'तुरुंग' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलाय. हे दोन कवी लागोपाठ वाचले की एक भाषा किती लोकांची असू शकते ते अंगावर येतं. संग्रहानं दोघांमध्ये दोनशे पानं घातली आहेत आणि आफ्रिकेच्या वाट्याला एकूण पस्तीसच पानं. ही या पुस्तकाची मोठी उणीव.

ब्राझीलच्या भागात माझे बरेच महिने गेले, त्याला कारण कार्लोस द्रुमोंद दे आंद्रादे. जन्म १९०२, मिनास जेराइस राज्यातलं इताबिरा. खाणींचा मुलुख, लोखंडाचे डोंगर. आयुष्यभर सरकारी नोकरी. शिक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाचा प्रमुख, नंतर वारसा जतन करणाऱ्या खात्यात, निवृत्तीपर्यंत. फायली बघता बघता लिहिणारा माणूस. हिशेबाच्या टेबलावरून घरी येणाऱ्या माझ्यासारखीला तो लगेच आपला वाटला. इथं चरित्र आधी वाचलंच पाहिजे. इताबिराच्या लोकांच्या पायवाटेत नव्वद टक्के लोखंड आणि मनात ऐंशी टक्के, असं तो लिहितो. इताबिरा आता भिंतीवरचा एक फोटो आहे म्हणतो, आणि पुढे एवढंच, की तो किती दुखतो. त्या गावचा कावे नावाचा डोंगर पुढे खाणीनं खाऊन टाकला. हे ठाऊक नसेल तर ती ओळ नुसती गावाची आठवण म्हणून निसटून जाते. सिंधुदुर्गात खाणींच्या वादाजवळ राहणाऱ्यांना ती निसटणार नाही.

त्याची 'वाटेत एक दगड होता' ही दहा ओळींची कविता १९२८ मध्ये एका मासिकात आली आणि लोक चिडले. दहा ओळींत 'दगड होता' सात वेळा. शिवाय 'होता' साठी पुस्तकी शब्द न वापरता बोलीतला 'तिन्या' वापरला, त्यावर व्याकरणवाल्यांचा राग. त्यानं वाद घातला नाही. चाळीसेक वर्षं त्या कवितेवरची टीका, टवाळी, कौतुक जमवलं आणि १९६७ मध्ये त्याचंच पुस्तक काढलं. उजव्या पानावर ही कविता काहीच वाटत नाही. डावं पान मोठ्यानं वाचलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत ठेचकाळायला होतं. मामा 'तिन्या' म्हणतात, ब्राझीलचे वाचक 'चिन्या'. मी दोन्ही करून पाहिलं, ठेच दोन्हींत लागते.

आणखी एका कवितेत तो झुझे नावाच्या माणसाला विचारत राहतो, आता काय? मेजवानी संपली, दिवा गेला, लोक गेले, आता काय, झुझे? हातात किल्ली आहे, दार उघडायचंय, पण दारच नाही. किल्लीसाठीचा शब्द 'शावि'. आपली चावी! बटाटा, पगार, बादली हे शब्द पोर्तुगीज आहेत हे शाळेत पाठ केलं होतं. पण त्या ओळीत चावी हाताला लागली तेव्हा पोटात काहीतरी हललं.

जुआंव काब्राल दे मेलो नेतोबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतःही जास्त बोलत नाही. त्याची कडधान्य निवडण्यावर कविता आहे. दाणे पाण्यात टाकायचे, तरंगेल ते फेकायचं, लिहिणंही तसंच. पण धान्यातला खडा दात मोडतो म्हणून काढायचा, वाक्यातला खडा मात्र ठेवायचा, कारण त्याच्यामुळे वाचणारा सावध होतो. तेव्हापासून कुळीथ रोळताना ती आठवते.

तक्रारी आणखी दोन. सेसिलिया मेइरेलेसच्या फक्त दोन कविता घेतल्यात, हे मला पटलेलं नाही. ब्राझीलची ही कवयित्री १९५३ मध्ये भारतात आली, दिल्ली विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली, आणि परत जाऊन तिनं भारतात लिहिलेल्या कवितांचं एक पुस्तकच केलं. त्यात औरंगाबादच्या विणकामावरही कविता आहे. जन्माआधी वडील गेले, तीन वर्षांची असताना आई, अझोरिश बेटांवरून आलेल्या आजीनं वाढवलं. निघून जाणं, वाहून जाणं हाच तिचा विषय. आपल्या रस्त्यांवरून ती त्याच नजरेनं गेली. त्या कविता मला दुसरीकडून मिळवाव्या लागल्या.

दुसरी तक्रार बांधणीची. ऑक्टोबरमध्ये पेसोआ सुटला, जानेवारीत शेवटचा भाग. डिंकानं बरंचसं सावरलं.

शेवटच्या भागातली आदेलिया प्रादो १९३५ ची, ब्राझीलमधल्या दिव्हिनोपोलिस या छोट्या शहरातली शिक्षिका, पाच मुलांची आई. पहिलं पुस्तक चाळिशीत, १९७६ मध्ये. तिच्या कविता वाचून द्रुमोंदनंच प्रकाशकाकडे शब्द टाकला होता. २०२४ मध्ये तिला कामोंइश पुरस्कार मिळाला. तिच्या लग्नावरच्या कवितेत ती म्हणते, काही बायका सांगतात, नवऱ्यानं मासे धरावेत हवे तर, पण साफही त्यानंच करावेत. मी नाही तशी. रात्री कितीही वाजता उठते, खवले काढायला, चिरायला, मीठ लावायला. स्वयंपाकघरात दोघंच, मधूनमधून कोपराला कोपर लागतं. तो म्हणतो, हा मासा भारी होता, आणि हातानं दाखवतो. पहिल्यांदा एकमेकांना पाहिलं तेव्हाची शांतता स्वयंपाकघरातून खोल नदीसारखी वाहत जाते.

माझा नवरा रविवारी खाडीवर गरी घेऊन जातो. जानेवारीत एका रात्री तांबोशी घेऊन आला, साडेअकरा वाजले होते. मी विळी घेऊन बसले आणि त्याला ही कविता मराठीत सांगितली, मग डावं पान वाचलं. त्यानं काही म्हटलं नाही. खवले उडत होते, ट्यूबलाइटखाली चमकत होते. सुटलेल्या पानांपैकी ते एक. मी ते परत चिकटवलेलं नाही, ओट्याच्या वर भिंतीला लावलंय.