आरोग्य अर्थशास्त्राची चार संकेतस्थळं: आकडा उचलण्याआधी

आरोग्य अर्थशास्त्राचं संकेतस्थळ पारखायचं तर तिथला एकच आकडा घ्या आणि त्याचा माग काढा. किमती कोणत्या वर्षाच्या? खर्च कोणाच्या खिशातला? तुलना कशाशी? मूळ अभ्यास कोणता? यातल्या एकाचंही उत्तर सापडत नसेल, तर तो आकडा अहवालात घेऊ नये.

लेखक, तारीख, पैसा कोणाचा, हे नेहमीचे निकष तपासायलाच हवेत. पण ते सगळे नीट असूनही आकडा दिशाभूल करू शकतो. समजा, नव्या उपचाराचा खर्च १,२०,००० रुपये आणि लाभ ०.६ क्वाली, म्हणजे गुणवत्तेनुसार मोजलेली आयुष्यवर्षं. 'उपचारच नाही' याच्याशी तुलना केली, तर एका क्वालीला २ लाख पडतात. पण ४०,००० मध्ये ०.५ क्वाली देणारा उपचार आधीच वापरात असेल, तर जादा ८०,००० खर्चून जादा लाभ फक्त ०.१. म्हणजे एका क्वालीला ८ लाख! तुलना कशाशी केली हे न सांगणारं पान म्हणूनच कुचकामी. आणि होनकोडचा, म्हणजे आरोग्यविषयक संकेतस्थळांना मिळणारा विश्वासार्हतेचा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नका. तो देणारी संस्था २०२२ च्या अखेरीस बंद झाली. आज त्या शिक्क्यामागे तपासणारं कोणी नाही.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरते अमेरिकेतल्या टफ्ट्सची सीईए रजिस्ट्री, म्हणजे उपचारांचा खर्च आणि लाभ ताडून पाहणाऱ्या अभ्यासांची नोंदवही. एका क्वालीला किती खर्च या गुणोत्तरासोबत तुलनेचा उपचार नोंदलेला असतो आणि अभ्यासाला १ ते ७ गुण दिलेले असतात. हे गुण तपासणाऱ्याच्या मतावर ठरतात, तेव्हा ते चाळणीपुरते वापरा आणि मूळ लेख उघडाच. मोफत शोधात मर्यादित माहिती मिळते, हा खरा अडसर.

ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या केंद्राच्या एनएचएस ईईडी या आर्थिक मूल्यमापनांच्या संग्रहामधली अभ्यासांची चिकित्सक टिपणं आजही शिकण्यासारखी आहेत. मात्र निधी थांबल्यामुळे २०१५ नंतर त्यात भर पडलेली नाही. तिथे काही सापडलं नाही म्हणून 'पुरावा उपलब्ध नाही' असं लिहिणं सरळसरळ चूक आहे.

देशांच्या आरोग्यखर्चासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा जीएचईडी हा माहितीसंग्रह घ्या. आकडे २००० पासूनचे आणि मोफत आहेत. नुसता तक्ता उतरवून थांबू नका, सोबतची देशवार माहितीही वाचा. काही आकडे प्रत्यक्ष हिशेबातून आलेले नसून अंदाजलेले असतात. नव्या आवृत्तीत मागच्या वर्षांचे आकडेही सुधारले जातात. जुन्या फाईलला नवं वर्ष जोडलं, की आलेखात खोटी उडी दिसते.

खर्च एका चलनातून दुसऱ्यात न्यायला सीसीईएमजी-एप्पी सेंटर या संशोधक गटांचा कॉस्ट कन्व्हर्टर हे ऑनलाइन साधन उत्तम. आधी तो मूळ देशाच्याच जीडीपी डिफ्लेटरने, म्हणजे अर्थव्यवस्थेतल्या एकूण भाववाढीच्या निर्देशांकाने, किंमत हव्या त्या वर्षात आणतो आणि मग क्रयशक्ती समतेने, म्हणजे त्या त्या देशात पैशात किती वस्तू येतात या हिशेबाने, चलन बदलतो. क्रम उलटा केला, तर एका देशातली महागाई दुसऱ्याच देशाच्या खर्चावर चढते. पगार, खाटा, ओपीडी यांना ही पद्धत चालते. आयात यंत्रं आणि औषधं मात्र बाजारातल्या विनिमय दरानेच मोजावीत. त्यामुळे एकूण बेरीज कन्व्हर्टरमध्ये टाकण्याआधी या दोन प्रकारच्या खर्चांची फोड करा. मूळ लेखात ती फोडच दिलेली नसेल, तर तसं स्पष्ट नोंदवा.