मानसिक आजार असलेली पात्रं कशी लिहायची याचं ऑनलाइन वर्कशॉप केलं, त्याचा रिव्ह्यू

हे वर्कशॉप मी लावलं ते एका कथेपायी. कथेतल्या बाईला बायपोलर आहे (मूड काही काळ खूप चढतो, काही काळ खूप उतरतो असा आजार), तीन ड्राफ्ट झाले तरी ती बाई उभीच राहत नव्हती, नुसता आजार दिसत होता, या पानावर हसतेय नाचतेय आणि पुढच्या पानावर अंधारात बसलीये. माझ्या सख्ख्या ताईला बायपोलर आहे, कितीतरी वर्षं लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेते ती, आणि घरात इतकं जवळून बघूनही माझ्या हातून असं लिहिलं गेलं याचं मला फार वाईट वाटत होतं.

चार रविवार, दोन-दोन तास. शिकवायला दोघी, एक कथा लिहिणाऱ्या आणि दुसऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

पहिलं सेशन सगळं माहितीचं. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं नव्हेत, हा शब्द 1908 मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी आणला तेव्हा त्यांना विचार, भावना यांच्यातली सांधेजोड तुटते असं म्हणायचं होतं, पण मराठीत छिन्नमनस्कता म्हटलं की लोकांच्या डोक्यात डबल रोलच येतो. माझी चूक मला इथेच कळली. मॅनिया, म्हणजे बायपोलरमधला तो खूप चढलेला मूड, म्हणायला तो निदान आठवडाभर टिकावा लागतो (भरती करायची वेळ आली तर गोष्ट वेगळी), आणि माझी बाई एका संध्याकाळीत दोनदा बदलत होती! शॉक ट्रीटमेंट आता भूल देऊन करतात, त्यामुळे शुद्धीतल्या माणसाला बांधून ठेवलंय आणि तो किंचाळतोय हा सीन आजच्या काळातल्या कथेत चालणार नाही, हेही सांगितलं. उपयोगी होतं पण निकष वाचून दाखवण्यात फार वेळ गेला, ते पीडीएफ करून आधी पाठवलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या सेशनसाठी मात्र मी पूर्ण फी परत भरेन. एक्सरसाइज असा की पात्राला आजाराशी संबंध नसलेलं काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, एवढ्यावर एक पान लिहायचं, आणि उपचार आले तर रोजच्या कामासारखे येऊ द्यायचे. मला ताईची ब्लड टेस्ट आठवली. लिथियमची रक्तातली पातळी बघायला शेवटच्या डोसनंतर साधारण 12 तासांनी रक्त देतात, म्हणून सकाळची गोळी मागे ठेवून ती जाते, सारखी तहान लागते म्हणून पाण्याची बाटली घेऊन, आणि रांगेत कोणी मध्ये घुसलं तर त्याला मागे पाठवल्याशिवाय राहत नाही. मग मी माझ्या बाईला लॅबच्या रांगेत उभं केलं आणि फोनवर भावाशी भांडायला लावलं, आईच्या घराच्या वाटणीवरून, तिचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि उत्तर सुचेना म्हणून भाऊ विचारतो, "गोळी घेतलीस ना आज?"

हे वाक्य लिहून मी थांबले कारण ते मीच ताईला म्हटलंय. एकदा नाही, खूपदा. तिला राग आला की तो तिचा राग कधी नसायचाच, आजाराचाच असायचा. ती बाई त्या पानावर पहिल्यांदा जिवंत झाली.

तिसऱ्या सेशनबद्दल तक्रार आहे. विषय हिंसा आणि आत्महत्या. मुद्दे बरोबरच होते, म्हणजे आजारी माणसाला खुनी दाखवायची सवय सोडा कारण बहुतेक जण कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांच्यावरच अत्याचार व्हायची शक्यता जास्त असते, आणि आत्महत्येची पद्धत तपशिलात लिहू नका. पण आज हे बोलणार आहोत असं आधी कोणीच कळवलं नाही, एक जण मध्येच कॅमेरा बंद करून निघून गेले आणि कोणी त्यांची चौकशीही केली नाही. या विषयाच्या वर्कशॉपमध्ये हे व्हायला नको होतं.

चौथ्यात पाहुण्या होत्या, स्वतः स्किझोफ्रेनियासोबत जगणाऱ्या, आणि त्यांना फक्त 40 मिनिटं! त्यांना पहिल्या दिवशी आणायला हवं होतं. माझ्या कथेवर लेखी फीडबॅक आला होता की शेवटी तिने गोळ्या बंद केल्या तर टेन्शन वाढेल, तो मी त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, लोक गोळ्या बंद करतात हे खरंय, पण वजन वाढतं म्हणून, बरं वाटायला लागलं म्हणून, हात थरथरतो आणि चारचौघांत लाज वाटते म्हणून, तुमच्या बाईचं कारण काय? माझ्याकडे कारण नव्हतं. तो शेवट मी घेतला नाही.

लिहिणाऱ्यांनी जरूर करा, पाचपैकी साडेतीन. आपला ड्राफ्ट दुसऱ्या रविवारच्या आधी पाठवा, उशिरा पाठवणाऱ्यांना फीडबॅक दोन-तीन ओळींचाच मिळाला. आणि तिसऱ्या सेशनला काय असणार आहे ते आधी मेल करून विचारून घ्या.