वेगळा टच की इन-सेल डिस्प्ले?

जुन्या स्वस्त फोनची काच फुटली, तर दुकानदार नुसता टच बदलून द्यायचा. स्पर्श ओळखणारा थर तेव्हा डिस्प्लेवर वेगळा बसवलेला असे. इन-सेलमध्ये हा थरच नाही. एलसीडीच्या आत पिक्सेलसाठी जो सामाईक इलेक्ट्रोड (वीज पोचवणारा पातळ थर) लागतो, त्याचेच तुकडे पाडून त्यांच्याकडून दोन कामं करून घेतात: क्षणभर चित्र, क्षणभर स्पर्श. ही पाळी इतक्या भराभर बदलते की आपल्याला पत्ताही लागत नाही. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये ॲपलने हेच वापरलं. आधीच्या ४एसची जाडी ९.३ मिमी होती, ती ७.६ वर आली (सगळं श्रेय स्क्रीनचं नाही म्हणा). चित्रही काचेला टेकल्यासारखं दिसतं.

दुरुस्तीत मात्र इन-सेल खिशाला चाट लावतो. टच गेला की अख्खा फोल्डर, म्हणजे टच आणि डिस्प्लेचा एकत्र जोड, बदला. फक्त वरची काच फुटली असेल, तर गरम प्लेटवर ठेवून बारीक तारेने ती सोडवणारे कारागीर आहेत, पण तार जरा तिरकी गेली की डिस्प्लेवर रेघा.

हातातल्या फोनला मी इन-सेलच घेईन. दुकानातल्या बिलिंग मशीनला जाडीचं काय पडलंय? तिथे वेगळा टचच बरा.