गाळ पिळणारा स्क्रू प्रेस : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

रत्नागिरीतील आमच्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पासाठी गेल्या वर्षी आगोटीच्या तोंडावर आम्ही गाळातील पाणी काढणारा एक लहान स्क्रू प्रेस विकत घेतला. देखभाल समितीत मी आहे, आणि खरेदीपूर्वी असे यंत्र वापरणाऱ्याने मराठीत लिहिलेले मला काहीच सापडले नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

पूर्वी आमच्याकडे वाळूचे वाफे होते. एप्रिल-मे महिन्यांत त्यांवर पसरलेला गाळ दहा-पंधरा दिवसांत भेगाळून फावड्याने उचलण्याजोगा होई. परंतु वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ते निरुपयोगीच असत. वर पत्रे घातले, तरी दमट हवेत गाळ वाळेना. मग टँकर बोलवावा लागे, आणि तो नेमका कोठे रिता होतो हे विचारण्याच्या फंदात आम्ही कोणी पडलो नाही. जांभ्यातून पाणी किती झपाट्याने पाझरते हे ठाऊक असताना हे मौन शोभणारे नव्हते.

यंत्राचे मुख्य काम उत्तम आहे. पातळ गाळात घन भाग जेमतेम १ टक्का असतो. म्हणजे १,००० लिटर गाळात १० किलो. तोच भाग २० टक्क्यांवर नेला, की एकूण वजन ५० किलो उरते आणि टँकरऐवजी हातगाडी पुरते. नमुने १०५ अंश सेल्सिअसला वाळवून आम्ही वजन केले. बहुतेक वेळा घन भाग १८ टक्क्यांच्या आसपास भरला. स्क्रू अतिशय संथ फिरत असल्यामुळे आवाज आणि वीज दोन्ही कमी लागतात.

खरी डोकेदुखी पॉलिमरची, म्हणजे पिळण्यापूर्वी गाळाचे कण एकत्र आणून पाणी सुटे करणाऱ्या पावडरीची आहे. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने मूठभर पावडर पाण्यात टाकून ढवळायला सांगितले आणि तो निघून गेला. परिणामी साबुदाण्यासारख्या गुठळ्या होऊन दोन आठवडे यंत्रातून चिखलच बाहेर पडत राहिला. लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात पावडर हळूहळू भुरभुरून पाऊण तास मंद ढवळावी लागते, हे आम्ही चुकत-माकत शिकलो. मात्रा ठरवण्यासाठी काचेच्या भांड्यात थोडा गाळ घेऊन त्यात हे द्रावण घालून पाहावे : दूध फाटल्यावर निवळी सुटते तसे स्वच्छ पाणी वेगळे झाले पाहिजे. मात्रा जास्त झाली, तर पाणी बुळबुळीत होते. येथील हवेत पावडर ओल धरते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच. निथळलेले पाणी पुन्हा प्रकल्पाच्या सुरुवातीच्या टाकीत न्यावे लागते. त्या पाइपांचा खर्च दरपत्रकात नव्हता.

माहितीपत्रकातील ‘थेट खत’ हा दावा मात्र मला बेजबाबदार वाटतो. पिळलेला गाळ ओल्या मातीसारखा दिसत असला, तरी त्यात चार पंचमांश पाणी असते आणि जंतांची अंडी जिवंत राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उष्ण हवामानात तो पुन्हा न भिजवता वर्षाहून अधिक काळ साठवावा लागतो. त्यासाठी आम्ही सिमेंटची जमीन आणि छप्पर असलेला कोपरा बांधला. मुदत भरल्यावर तो आंब्याच्या कलमांच्या आळ्यांत घालू. भाजीच्या वाफ्यात मुळीच नाही.

छपराखाली साठवणीची जागा आणि पॉलिमर नीट कालवणारा एक माणूस असेल, तरच हे यंत्र घ्यावे. विक्रेत्याकडून आपल्याच गाळावर दोन दिवस चाचणी करून घ्यावी आणि तोवर आगाऊ रक्कम देऊ नये. आम्ही ती दिली होती.