बीपी घरी मोजायचं की २४ तासांचं मशीन लावायचं?

दवाखान्यात १५०/९६ आणि घरी १३०च्या आसपास असं ज्यांचं होतंय आणि आता गोळी सुरू करायची का नाही यात अडकलेत त्यांच्यासाठी लिहितोय, माझं दोन्ही करून झालंय.

२४ तासांच्या मशीनचं नाव मोठं आहे. दंडाला पट्टा, कमरेला डबी, दिवसा दर वीसेक मिनिटांनी आपोआप फुगतं. डॉक्टर म्हणाले रोजच्यासारखं वागा, म्हणून कामावर गेलो. घणसोलीहून ठाणे लोकल, सकाळची गर्दी, पट्ट्याच्याच हाताने वरची कडी धरलेली आणि ऐरोली सुटताच हे फुगायला लागलं. त्या वेळी हात खाली सैल सोडायचा असतो, पण खाली घ्यायला जागा कुठे? रीडिंग चुकलं, परत फुगलं.

तेही चाललं असतं. रात्रीचं नाही चाललं. झोपेत बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं, ते उतरतं का हे कळणं हाच तर या टेस्टचा मोठा फायदा, आणि मी दर अर्ध्या तासाने दंड आवळला की टक्क जागा. रिपोर्ट आला, रात्री बीपी उतरत नाही. अहो, झोपलोच नाही तर उतरणार कसं?

नंतर डॉक्टरांनीच घरी बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलं. सकाळी चहाच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट, असे ७ दिवस. आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं. पहिला दिवस सोडून सरासरी १२८/८२ आली, घरची हद्द १३५/८५ (१४०/९० ही दवाखान्यातली, इथे खूप जण गल्लत करतात). गोळी तूर्त नको म्हणाले. पट्टा मात्र दंडाच्या मापाचाच घ्या, लहान असला की आकडा वाढून येतो.

तुमची झोप गाढ असेल तर कदाचित वेगळा अनुभव येईल, आणि घोरणं, डायबिटीस किंवा किडनीचा त्रास असल्यामुळे डॉक्टर रात्रीचं बीपी बघायचं म्हणत असतील तर २४ तासांचं करूनच घ्या. बाकी मी आधी घरी मोजून वहीतच लिहीन.

घरच्या मशीनचा आणखी एक उपयोग झाला. आईचं बीपी घेताना स्क्रीनवर अनियमित ठोक्यांची खूण सारखी यायला लागली, तेवढ्यावर निदान होत नाही, पण त्यामुळे ईसीजी काढला आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) सापडलं. आता तिचं प्रत्येक रीडिंग वेगळं येतं म्हणून तीनदा घेऊन सरासरी लिहितो.