छातीचा सीटी स्कॅन : यंत्राला पैकीच्या पैकी, रिपोर्टला निम्मे

कोल्हापुरातल्या एका खाजगी सीटी सेंटरच्या छातीच्या स्कॅनबद्दल हा अभिप्राय आहे. नाव देत नाही, कारण इथल्या उणिवा सुधारण्यासारख्या आहेत आणि रिपोर्ट कुठलाही हातात आला तरी तपासायच्या गोष्टी त्याच आहेत.

स्कॅनची बाजू चोख. टेबलावर झोपवल्यावर टेक्निशियन श्वास रोखायची दोनदा तालीम करून घेतो. हे छोटं काम वाटतं, पण श्वास अर्धवट घेतला की फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग दबलेला राहतो आणि तिथे धुरकट पट्टा उमटतो. आजार नसताना तो रिपोर्टात ‘ग्राउंड ग्लास’ म्हणून उतरू शकतो. शंका आली तर इथे पेशंटला पालथं झोपवून तेवढाच भाग परत घेतात. धुरकटपणा गेला तर तो दबल्याचा परिणाम, तसाच राहिला तर खरा. स्लाइस १ मिमीच्या, एचआरसीटीला (बारीक तपशील दाखवणाऱ्या स्कॅनला) हव्या तशा. छातीच्या मधल्या भागातल्या गाठी, रक्तवाहिन्या बघायच्या असतील तर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागतं. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) मागतात आणि मधुमेहाच्या गोळ्या विचारतात. योग्यच.

गाडी अडते ती रिपोर्टवर.

इथला रिपोर्ट दोन पानी. बहुतेक लोक थेट शेवटचं ‘इम्प्रेशन’ वाचतात. तिथे ‘फ्यू टायनी नोड्यूल्स, क्लिनिकल कोरिलेशन’, म्हणजे फुफ्फुसात काही बारीक गोल ठिपके आहेत, लक्षणांशी ताडून बघा, एवढंच लिहिलेलं. नोड्यूल किती मिमीचा, कुठल्या लोबमध्ये (फुफ्फुसाच्या कप्प्यात), कडा कशा, आत कॅल्शियम आहे का, यातलं काहीच नाही. पुढचा सगळा निर्णय तर मिलिमीटरवर ठरतो. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनाप्रमाणे वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल, आधी कॅन्सर झालेला नसेल, प्रतिकारशक्ती ठीक असेल आणि एकच भरीव नोड्यूल ६ मिमीपेक्षा लहान असेल, तर कमी जोखमीच्या माणसाला परत स्कॅनची गरज नसते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यासारख्या जास्त जोखमीच्या माणसाला १२ महिन्यांनी एकदा बघता येतं. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८ च्या वर गेला की ३ महिन्यांनी सीटी, नाहीतर पेट स्कॅन किंवा बायॉप्सीचा (तुकडा काढून तपासण्याचा) विचार. ‘टायनी’ या शब्दावरून यातलं काय करायचं ते ठरत नाही, आणि घरच्यांची झोप मात्र उडते. नोड्यूल पूर्ण चुन्यासारखा पांढरा असेल तर तो बहुधा जुन्या, बरा झालेल्या इन्फेक्शनचा डाग. ही एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?

‘लिम्फ नोड’ (लसीका ग्रंथी) शब्दानेही लोक हादरतात. छातीच्या मधल्या भागात त्या सगळ्यांनाच असतात. मोजायचा तो आखूड व्यास, आणि तो साधारण १० मिमीच्या वर गेला तर वाढलेली म्हणायची. ‘फायब्रोटिक बँड’ म्हणजे बहुतेकदा जुना वण. ‘ट्री-इन-बड’ मात्र हलक्यात घेऊ नये. बारीक श्वासनलिकांत पू किंवा कफ भरला की फांदीला कळ्या फुटल्यासारखं चित्र दिसतं. आपल्याकडे त्यावरून आधी टीबी आठवतो, पण दुसऱ्या इन्फेक्शननेही ते होतं. खात्री थुंकीच्या तपासणीनेच करायची, नुसत्या फिल्मवरून औषधं चालू करायची नाहीत.

सगळ्यात खटकला तो नावनोंदणीचा फॉर्म. नाव, वय, फोन, डॉक्टर, संपलं. कामाचा रकानाच नाही! शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाळूचे साचे फोडणारी, कास्टिंग घासणारी माणसं याच शहरात आहेत. वाळूतल्या सिलिकाने फुफ्फुसाच्या वरच्या भागात बारीक दाणे येतात, लिम्फ नोडच्या कडेने अंड्याच्या टरफलासारखा चुना साचू शकतो. काम ठाऊक नसेल तर तेच दाणे टीबीचे वाटू शकतात. शिवाय हा सिलिकाचा आजार, सिलिकोसिस, झालेल्याला टीबीचा धोकाही जास्त, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतं. फॉर्मवर कोपऱ्यात ‘फाउंड्री, १५ वर्षं’ असं हाताने लिहून द्या. चुलीपुढचा किंवा गुऱ्हाळावरचा धूर, विडी, आधी घेतलेली टीबीची औषधं, तेही लिहा.

जुना स्कॅन सीपीआर या सरकारी दवाखान्यातला असो की बाहेरचा, सोबत न्या. दोन वर्षं जसाच्या तसा असलेला भरीव नोड्यूल आणि नवीन उगवलेला नोड्यूल, यांत जमीन-अस्मानाचा फरक. इथे जुनी सीडी कोणी मागितली नाही, आणि रिपोर्टात ‘तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही’ असं छापून आलं. नवीन सीडी मागितली तर काउंटरवर उत्तर : “काका, सीडी कशाला, मोबाईलवर लिंक येतीय की!” लिंकवर निवडक चित्रं असतात आणि ती काही दिवसांनी बंद होते. फिल्मवर मिमी नीट मोजता येत नाहीत. बारीक स्लाइससकट पूर्ण डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) मागा, पेन ड्राइव्हवर दिल्या तरी चालतील.

एक गोष्ट मनापासून चांगली. संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट स्वतः भेटतात, स्क्रीनवर दाखवतात आणि विचारलं तर पुरवणी रिपोर्टही देतात. त्यात नोड्यूलचं माप, लोब आणि जुन्या स्कॅनशी तुलना या तिन्ही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय उठू नका.